शिकवण्याआधी शिकलेल्या सावित्रीबाई

तीन जानेवारीला आमच्या नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत सहज डोकावून पाहा. आठ-नऊ वर्षांच्या पाच-सहा मुली आईचं लुगडं कसंबसं गुंडाळून, कपाळभर कुंकू लावून, हातात पाटी घेऊन रांगेत उभ्या असतात. त्यांतली एखादी धीट मुलगी पुढे येते आणि पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणून टाकते. त्या भाषणात शेणाचे गोळे असतात, दगड असतात, पिशवीतलं जादा लुगडं असतं. टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो आणि सावित्रीबाई फुल्यांची जयंती साजरी होते.

अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली. शेण आणि दगड खोटे नाहीत, ते सांगायलाच हवेत. पण त्या बाई वर्गात उभ्या राहण्याआधी रीतसर शिकवायला शिकल्या होत्या, त्यासाठी एकदा नव्हे तर दोनदा दुसऱ्याच्या हाताखाली बसल्या होत्या आणि त्यांतली एक जागा आपल्या नगरात होती, हे वाक्य मात्र त्या भाषणांतून क्वचितच कानी पडतं. जणू धीर असला की शिकवता येतंच. नगर जिल्ह्यात घरटी नाही तरी वाडीगणिक एखादी डी.एड. झालेली मुलगी सापडते. तिच्या घरच्यांना विचारा, नुसत्या धीरावर शिकवता येतं का!

म्हणून आज सावित्रीबाईंचं चरित्र थोडं त्या बाजूनं सांगायचं आहे.

सावित्रीचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, नायगावचा. आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं हे गाव. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. थोरली लेक. पाटलाचं घर, म्हणजे खाण्यापिण्याला तोटा नाही. पण मुलीच्या हाती पाटी देण्याची रीत पाटलाच्या घरीही नव्हती आणि कुलकर्ण्याच्या घरीही. शिरवळच्या बाजाराची एक गोष्ट तिच्या चरित्रांतून सांगितली जाते. बाजारात कुण्या मिशनऱ्यानं तिला एक चित्रांचं पुस्तक दिलं, बापानं ते फेकून दिलं आणि पोरीनं ते पुन्हा उचलून जपून ठेवलं. लग्नानंतर सासरी जाताना म्हणे ते तिच्या गाठोड्यात होतं. गोष्ट कितपत घडली तशी उरली आहे कोण जाणे. पण अक्षर न येणाऱ्या मुलीनं पुस्तक जपावं, ही कल्पनाच लोकांना आवडली आणि ती टिकली.

१८४० साली, नवव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा तेरा वर्षांचा. जोतीराव गोविंदराव फुले. घर पुण्यातल्या माळ्याचं, फुलांचा व्यवसाय. जोतीरावांची आई चिमणाबाई ते लहान असतानाच गेल्या होत्या. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीनं. सगुणाबाई बालविधवा. त्या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत आणि तिथं राहून त्यांना थोडंफार इंग्रजी कानावर पडलं होतं. या बाईंकडे चरित्रकारांनी म्हणावं तितकं लक्ष दिलेलं नाही. घरात कामाला जाणारी, विधवा, पण साहेबाच्या घरची मुलं कशी शिकतात ते पाहून आलेली बाई त्या घरात नसती, तर जोतीबांची शाळा सुटली ती सुटलीच असती. कारण मध्यंतरी ती खरोखर सुटली होती. मुलगा शिकला तर शेताच्या कामातून जाईल, असं कुणी गोविंदरावांच्या मनात भरवलं आणि पोरगा मळ्यात खुरपं घेऊन बसला. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी बापाची समजूत काढली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

नवरा शाळेत शिकतो आणि घरी येऊन बायकोला शिकवतो, हा प्रकार त्या काळी चोरून करण्यातलाच. मळ्यात आंब्याच्या झाडाखाली, मातीत काडीनं अक्षरं काढून सावित्रीबाई आणि सगुणाबाई शिकल्या, असं सांगतात. पुढे जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी त्यांच्या पुढल्या शिक्षणाचा भार घेतला. ही दोन नावं मुद्दाम लिहितो आहे. सावित्रीबाईंना नवऱ्यानं शिकवलं एवढंच सांगून आपण थांबतो. पण नवऱ्यानं शिकवलेली बायको फार तर पत्र वाचू लागते, पोथी वाचू लागते. त्यापुढे न्यायला बाहेरची माणसं लागतात. या दोन ब्राह्मण मित्रांनी माळ्याच्या सुनेला शिकवण्याचं काम पत्करलं, त्याची किंमत त्यांनाही त्यांच्या आळीत मोजावी लागलीच असणार.

आता प्रश्न येतो तो नगरचा.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरात पोचली १८३१च्या अखेरीस, म्हणजे सावित्रीचा जन्म झाला त्याच वर्षी. भुईकोट किल्ला, लष्कराची छावणी, विणकरांच्या आळ्या असं हे गाव. त्या मिशनमध्ये १८३९ साली एक अविवाहित अमेरिकन बाई राहायला आल्या. सिंथिया फॅरार त्यांचं नाव. मराठी चरित्रांतून ते सर्रास फरार असं छापलेलं सापडतं आणि प्रथम वाचणाऱ्याला बाई कुठून पळून आल्या होत्या की काय, असं वाटतं! तसं पाहिलं तर घरदार सोडून आल्याच होत्या. १७९५ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेल्या या शिक्षिका १८२७ साली बोटीत बसल्या आणि वर्षाअखेर मुंबईला उतरल्या. अमेरिकेच्या त्या मोठ्या मिशन मंडळानं परदेशी धाडलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळांची देखरेख केली, मध्ये प्रकृतीसाठी मायदेशी जाऊन आल्या आणि मग नगरात आल्या त्या कायमच्या. १८६२ साली नगरातच त्यांचा अंत झाला. म्हणजे वीस-बावीस वर्षं या बाईंनी नगरच्या आळ्यांतून मुली गोळा करून शाळा चालवल्या.

त्या शाळांत लिहिणं, वाचणं, हिशेब, शिवणकाम शिकवत आणि अर्थातच ख्रिस्ती धर्मही. मिशन पैसे खर्चत होतं ते धर्मासाठी, हे लपवण्यासारखं नाही आणि नगरच्या आईबापांनाही ते कळत होतं. धर्म बुडेल या भीतीनं मुली काढून घेणं, मग पुन्हा हळूहळू पाठवणं, असे हेलकावे अशा शाळांच्या नशिबी असत. तरीही मुलींची शाळा म्हणजे काय, ती कशी भरते, कुठल्या वयाच्या मुली येतात, त्यांना कोण आणतं, केव्हा सोडायच्या, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर त्या वेळी देशावर जी मोजकी ठिकाणं होती, त्यांत नगर होतं.

जोतीरावांचे जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या. पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे नगरच्या या शाळांचा नमुना होता, हे पुढे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. दुसऱ्याचं चांगलं पाहून आलो, असं मोकळेपणानं सांगणारे सुधारक थोडे.

पण शाळा पाहून आल्यावर जोतीरावांपुढे जी अडचण उभी राहिली, ती पैशाची नव्हती, जागेचीही नव्हती. शिकवणार कोण? पुरुष मास्तरासमोर मुलगी बसवायला आईबाप तयार नाहीत. आणि बाई शिक्षिका म्हणावी तर तशी बाई आणायची कुठून? मिशनच्या बाया होत्या, पण त्या आल्या की धर्माची शंका आली. म्हणजे इथल्याच घरातली, इथलीच भाषा बोलणारी, कुंकू लावणारी शिक्षिका हवी आणि ती तर अजून जन्मालाच आलेली नव्हती. ती घडवावी लागणार होती. सतरा वर्षांच्या आसपासची सावित्री घरात होती, तिला लिहितावाचता येत होतं. मात्र लिहितावाचता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे या नवराबायकोला कळलं होतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. उत्साही माणसं सहसा शाळा आधी काढतात आणि मास्तर नंतर शोधतात.

सावित्रीबाईंनी दोन ठिकाणी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. एक पुण्यात, स्कॉटिश मिशनच्या मिचेल साहेबांच्या पत्नी चालवत त्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि दुसरं नगरला, फॅरारबाईंच्या संस्थेत.

हे नॉर्मल स्कूल नाव आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. फ्रान्समध्ये शिक्षक तयार करणाऱ्या शाळांना त्या अर्थाचं नाव होतं. शिकवण्याचा एक नमुना, एक पायंडा जिथं घालून दिला जातो ती शाळा. तिथून ते इंग्रजीत आलं आणि मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे उतरलं. आपल्याकडे त्याआधी शिक्षक तयार करण्याची पद्धत नव्हती का? होती, पण ती पंतोजीपाशी बसून पंतोजी होण्याची. पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरं, पाढे, उजळणी, मोडी लिहिणं आणि छडी. प्रत्येक पोर आपापल्या गतीनं, आपापल्या धड्यावर. शंभर आकडे पाठ करून घेण्यात त्या मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मात्र पंचवीस मुलं एका वेळी एकच छापील धडा उघडून बसली आहेत, एकाला विचारलं की बाकीच्यांचं लक्ष राहिलं पाहिजे, पाठ म्हणून घेतल्यावर त्याचा अर्थही विचारायचा, भिंतीवरच्या नकाशावर गंगा कुठून कुठे जाते ते बोटानं दाखवायचं, हे काम नवीन होतं. मुलांचे वर्ग पाडायचे, पुढच्या मुलांकडून मागच्यांची तयारी करून घ्यायची, ही रीतही तेव्हा नवी. गंमत म्हणजे मद्रासला एका साहेबानं वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहून ती उचलली, विलायतेत नेली आणि तिथून ती नवी म्हणून परत इकडे आली.

आणि मुली! मुलगी शाळेत येते ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन. ती दुपारी दळण असलं की येत नाही. सण असला की येत नाही, नहाण आलं की मुळीच येत नाही. तिला हात उगारला तर ती उद्यापासून येणारच नाही आणि तिच्या आईची आयतीच सोय होईल. अशा मुलींना टिकवून धरायचं हे फॅरारबाई मुंबई-नगर मिळून वीस वर्षं करत आल्या होत्या. सावित्रीबाई नगरला गेल्या त्या वेळी फॅरारबाईंनी पन्नाशी गाठलेली. एक परदेशी, परधर्माची, लग्न न केलेली पोक्त बाई आणि दुसरी नायगावच्या पाटलाची लेक, पुण्याच्या माळ्याची सून. दोघींमध्ये समान गोष्ट एकच होती. मराठी.

पुण्याहून नगर तेव्हा जवळ नव्हतं. पुण्याला रेल्वे आली १८५८ साली. दौंड-मनमाड लोहमार्गावर नगरला गाडी दिसायला १८७८ साल उजाडलं. त्याआधी बैलगाडी, शिरूरपाशी घोडनदी, पुढे सुप्याचा माळ, वाटेत मुक्काम. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा तो रस्ता. आज एस.टी.नं अडीच-तीन तासांत संपतो आणि आपण त्यातही कुरकुरतो. सतरा वर्षांची सून शिकायला म्हणून त्या वाटेनं जाते, ही गोष्ट गोविंदरावांच्या आळीत कशी चघळली गेली असेल, ते ज्यांच्या घरची मुलगी पहिल्यांदा परगावच्या अध्यापक विद्यालयात गेली असेल, त्यांना सांगायला नको.

माझ्या बँकेतल्या नोकरीत नवीन कारकुनाला रोखीच्या खिडकीत एकट्याला बसवत नसत. आधी शेजारी जुना माणूस. चार वेळा नोटा चुकल्या तरी त्यानं सावरून घ्यायचं. पुढे अधिकारी झाल्यावर प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा कुठे सहीचा अधिकार आला. पैशाच्या बाबतीत आपण एवढे सावध. मुलांच्या बाबतीत मात्र कितीतरी वर्षं गावातला कुणीही सातवी पास, कामधंदा नसलेला माणूस उभा करून चालत असे. ट्रेन्ड मास्तर आणि अनट्रेन्ड मास्तर हे शब्द आमच्या लहानपणी घराघरांत होते आणि ट्रेन्ड मास्तर मिळालेल्या गावाला त्याचा अभिमान असे.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. भिड्यांनी जागा दिली, सुरुवातीला १०१ रुपये दिले आणि दरमहा पाच रुपयेही. पहिल्या दिवशी बोटांवर मोजण्याइतक्या मुली. जोतीराव आणि सावित्रीबाई दोघंही बिनपगारी. मग ती वाट, ते शेण, ते दगड. फुल्यांच्या पदरी असलेल्या बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून हा भाग आपल्यापर्यंत पोचला. सावित्रीबाई शाळेत पोचल्यावर खराब झालेलं लुगडं बदलत आणि वर्गावर जात. वर्गावर जाऊन त्या काय करत, ते मात्र आपण विचारत नाही.

घरातूनही बाहेर पडावं लागलं. १८४९ साली गोविंदरावांनी लोकांच्या दडपणापुढे मान तुकवली आणि मुला-सुनेला घर सोडायला सांगितलं. उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख या पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीनं शिकवू लागल्या. १८५६च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे सावित्रीबाई नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेवर कामाचा बोजा पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशी काळजी आहे. प्रकृती बरी नसताना, माहेरी भाऊ धर्म बुडवल्याबद्दल बोल लावत असताना, या बाईंच्या मनात शाळेचा हजेरीपट चालू आहे! शिक्षकाच्या घरात वाढलेल्यांना ही खोड ओळखीची वाटेल.

मधल्या काळात शाळा वाढत गेल्या. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात एक, त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, मार्च १८५२मध्ये वेताळ पेठेत तिसरी. चिपळूणकर वाड्यात पहिल्या दिवशी आठ मुली होत्या, थोड्याच दिवसांत त्या अठ्ठेचाळीस झाल्या. मुख्य शिक्षिका सावित्रीबाई. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर हे दोन शिक्षक. हे नीट वाचा. १८५१ साली पुण्यात एक वीस वर्षांची बाई मुख्याध्यापिका आणि तिच्या हाताखाली दोन पुरुष. शेणगोळ्यांपेक्षा हे चित्र मला कितीतरी विलक्षण वाटतं.

आणि त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं का? आजच्या अर्थानं नव्हतं. शिक्षकाला सरकारी परीक्षा घेऊन दाखला देणारं खातंच तेव्हा नव्हतं. ते आलं १८५४च्या वुड साहेबाच्या खलित्यानंतर. बायकांसाठी शिक्षिकेचं सरकारी ट्रेनिंग कॉलेज पुण्याला निघालं ते १८७०च्या सुमारास, मेरी कार्पेंटरबाईंनी इथं येऊन त्यासाठी खटपट केल्यावर. म्हणजे सावित्रीबाई शिकून, शिकवून, शाळा चालवून झाल्यावर वीस वर्षांनी सरकारला बाई शिक्षिका घडवण्याची गरज पटली.

पण परीक्षा झाली. ती चारचौघांत झाली. त्या काळी शाळेची परीक्षा म्हणजे जाहीर समारंभ. गावातली प्रतिष्ठित माणसं, साहेब लोक, शास्त्री-पंडित बसायचे आणि त्यांच्यादेखत मुलांना प्रश्न विचारायचे. नापास व्हायचं ते मुलांनी नव्हे, शिकवणाऱ्यानं. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला आणि १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या शाळांतल्या २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली. बघायला तीन हजारांच्या आसपास माणसं लोटली. पाच वर्षांपूर्वी ज्या गावात मुलीनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो असं म्हणत, त्या गावातली तीन हजार माणसं मुलींना प्रश्न विचारताना ऐकायला उभी होती. त्या दिवशी परीक्षेला कोण बसलं होतं, हे सांगायला नकोच.

अशाच एका समारंभात एका मुलीनं बक्षीस म्हणून खेळणी नको, शाळेला पुस्तकांचं कपाट हवं, असं अध्यक्षांना ऐकवल्याचं सांगतात. मुलगी असं बोलते ती आपल्या मनानं नव्हे. तिच्या बाईंनी तिला बोलायची सवय लावलेली असते.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर मुक्ता साळवे. मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला. धर्म, पेशवाई, बाळंत होणाऱ्या मांगिणीच्या डोक्यावर नसलेलं छप्पर, सगळं त्यात आहे आणि कुणाची भीड ठेवलेली नाही. १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो ज्ञानोदयात छापून आला. हे ज्ञानोदय १८४२ साली निघालं ते अहमदनगरात, अमेरिकन मराठी मिशनचं. ज्या नगरात तिच्या बाई शिकवायला शिकल्या, तिथल्याच मिशनच्या पत्रात विद्यार्थिनीचा निबंध आला. तीन वर्षांत एखाद्या मुलीला अक्षरओळख करून देता येते. पण मनातलं मांडायला, तेही क्रमानं आणि बिनतोड मांडायला शिकवायचं, तर शिकवणाऱ्याच्या अंगी विद्या लागते. सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह त्याआधी वर्षभर, १८५४ साली निघाला होता. बाई स्वतः लिहीत होत्या, म्हणून मुलगी लिहू लागली.

१८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा, १८६३ साली फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ साली सत्यशोधक समाज, सत्याहत्तरच्या दुष्काळात अन्नछत्रं. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मुलींच्या शाळा मात्र सत्तावनच्या बंडानंतर देणग्या आटल्यानं ओढगस्तीला लागल्या आणि फुले दांपत्याच्या हातून हळूहळू सुटत गेल्या. शाळा काढण्यापेक्षा ती चालू ठेवणं अवघड, हे त्यांनाही चुकलं नाही.

तरी मास्तराचा प्रश्न जोतीरावांनी सोडला नाही. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेचा शिक्षक ट्रेन्ड असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगराला हात लावायला न लाजणारा असावा आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये असावा, असं स्पष्ट मांडलं. हे वाचताना मला नेहमी वाटतं, या माणसाला ट्रेन्ड शिक्षकाची किंमत पुस्तकातून कळलेली नाही. ती त्याच्या घरातच रोज सकाळी शाळेला जात होती.

माझी नोकरीची काही वर्षं नगर जिल्ह्यातच गेली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत शिक्षकांची गर्दी. २०००नंतर त्या गर्दीत शिक्षण सेवक नावाची नवी मंडळी आली. डी.एड. झालेली, निवड झालेली मुलं-मुली, पण पहिली तीन वर्षं मानधन दरमहा तीन हजार. एक मुलगी खातं उघडायला आली तेव्हा तिच्या वडिलांनी मला पासबुकाच्या पहिल्या पानावरच्या नावापुढे शिक्षिका असं लिहिता येईल का, म्हणून विचारलं. तसा रकाना पासबुकात नव्हता. मी अर्जाच्या व्यवसायाच्या रकान्यात ते ठळक अक्षरांत लिहून त्यांना दाखवलं. पुढे टीईटी आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा २०१३ साली झाली. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास होण्यास सांगितलं. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाया, मुलांची लग्नं तोंडावर आलेली, पुन्हा मानसशास्त्राची पुस्तकं उघडून बसल्या. त्यांची चिडचिड मला समजते. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आता तुला शिकवता येतं का ते दाखव, असं म्हणणं जिव्हारी लागणारच. सावित्रीबाईंची परीक्षा शिकवलेल्या मुलींना उभं करून घेतली होती. ही परीक्षा खिडकीपाशी बसून, गोल काळे करून द्यायची. दोन्हींत काय मोजलं जातं, याचा विचार परीक्षा घेणाऱ्यांनी करावा.

पुढचं थोडक्यात. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्याला डॉक्टर केलं. १८८९ साली त्याचं लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी झालं. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी तिला शिक्षणासाठी आपल्या घरी आणून ठेवलं होतं. सासरी जाऊन मग शिकण्याचा त्रास त्यांना ठाऊक होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा टिटवं हाती घेऊन सावित्रीबाई स्वतः अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षपदीही त्याच होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. यशवंत डॉक्टरनं हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, गावापासून दूर, रोग्यांसाठी दवाखाना घातला. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या, तरी रोगी शोधून आणायला फिरत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा तापानं फणफणलेला आहे, असं त्यांना कळलं. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि मळ्यापर्यंत चालत आल्या. पांडुरंग वाचला. त्यांना मात्र त्याच रोगानं गाठलं. १० मार्च १८९७, रात्रीचे नऊ वाजले होते.